तेरा हात, एक मत

पत्र:

"मी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेत महिला राखीव जागेवरून संचालक आहे. आम्ही एकूण तेरा जण, त्यात बायका दोघीच. अध्यक्ष माझे चुलत सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. टेलच्या, म्हणजे पाइपलाइनीच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नाही म्हणून ऑगस्टच्या मीटिंगमध्ये जुन्या दोन मोटरींच्या जागी मोठ्या मोटरी घ्यायचं ठरलं. खर्च 62 लाख, बँकेचं कर्ज, सात वर्षं, 11 टक्के. पंपहाऊसचं लॉगबुक मी अधूनमधून बघते. पूर्वी 18 मिनिटांत भरणारा पाण्याचा चेंबर आता 26 मिनिटं घेतो, पण मोटर अँपिअर तेवढेच खाते. ओढ्याजवळ पाइपाच्या तीन सांध्यांवर ऐन उन्हाळ्यातही ओल असते. मला वाटतं, दोष मोटरीत नसून पाइपलाइनीत आहे. पण आबांनी विषय मांडला, उपाध्यक्ष 'बरोबर आहे' म्हणाले, अजून एक जण तेच बोलले आणि पंचवीस मिनिटांत सगळे हात वर. माझाही. तेव्हापासून धड झोप नाही. सप्टेंबरअखेरीस वार्षिक सभा आहे. बोलले तर भावकीत वाईट होईन, नाही बोलले तर 640 एकरांच्या डोक्यावर कर्ज बसेल. मिस्टर म्हणतात, गप्प बस. काय करू?"
एक संचालिका

ताई,

हात वर गेला याबद्दल स्वतःला बोल लावणं आधी थांबवा. तुमच्यापेक्षा कितीतरी सोप्या प्रश्नावर भल्याभल्यांचा हात असाच वर जातो. अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं 1951 च्या सुमारास याचीच परीक्षा घेतली. सात-आठ तरुण एका ओळीत बसवायचे आणि कार्डावरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी आहे, एवढंच विचारायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं. त्यातला एकच जण खरा, बाकीचे सगळे आधी पढवलेले, ठरावीक वेळी एकमुखानं चुकीचं सांगणारे. खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडे यायची. एकट्यानं उत्तर द्यायचं तेव्हा शंभरात एकही चूक होत नव्हती. गटात मात्र अशा वेळची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूनं गेली, आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी वाकले. तिथं ना भावकी होती, ना चुलत सासरे.

त्याच प्रयोगातल्या दोन गोष्टी तुमच्या थेट कामाच्या आहेत. पहिली अशी, की दबाव यायला तेरा माणसं लागत नाहीत. समोर एकच जण वेगळं बोलला तर फरक जवळजवळ पडत नव्हता. दोघे झाले की 13.6 टक्के उत्तरं चुकली, तिघे झाले की 31.8 टक्के. त्यापुढं माणसं वाढवूनही आकडा फारसा वाढला नाही. आता तुमची मीटिंग आठवा. आबा, उपाध्यक्ष आणि तिसरे ते गृहस्थ. तिसरा आवाज आला तेव्हाच निर्णय झाला होता. उरलेल्या दहा हातांनी फक्त त्यावर शिक्का मारला. म्हणून प्रोसिडिंगमध्ये तेरा मतं दिसत असली तरी प्रत्यक्षात तिथं एकच मत पडलं आणि तेच तेरा वेळा मोजलं गेलं. यात आबांनी काही वाईट केलं असं आम्ही म्हणत नाही. अध्यक्षानं विषय मांडायचा हीच आपल्याकडची रीत आहे, आणि अध्यक्षानं स्वतःचं मत आधी सांगितलं की पुढचं असंच होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या ओळीत एकच माणूस खरं उत्तर देणारा बसवला, की दबाव पावपटीवर आला. फक्त एक माणूस. तुमचं पुढच्या दोन-तीन आठवड्यांचं अर्धं काम हा एक माणूस शोधणं आहे. उरलेलं अर्धं काम कागदाचं.

त्याआधी एकदा शांतपणे स्वतःला विचारा: हात वर जाताना मनात नेमकं काय होतं? "एवढ्या जाणत्या माणसांना कळतंय, माझंच काहीतरी चुकत असेल", असं वाटलं? की "मला कळतंय, पण वाईट कोण होणार", असं? बहुतेकांच्या मनात दोन्ही असतात, पण त्यांचे उपाय वेगळे. पहिल्यावर उपाय मोजमापाचा. दुसऱ्यावर उपाय सोबतीचा आणि योग्य वेळी योग्य दारी जाण्याचा. पहिला राहिलेला असताना दुसरा करायला गेलं, की माणूस सभेत उभा राहतो, कुणीतरी एक उलटा प्रश्न विचारतो आणि पाय लटपटतात. तेव्हा आधी मोजमाप.

तुमचे 18 आणि 26 हे आकडे फार मोलाचे आहेत. तेवढाच चेंबर भरायला 26 मिनिटं लागत असतील तर मिनिटाला येणारं पाणी जवळपास 31 टक्क्यांनी घटलंय. मात्र सभेत पहिला प्रश्न येईल तो "कधीचे आकडे?" हाच. सप्टेंबरात कृष्णा भरलेली असते, जॅकवेलमधली (नदीकाठच्या, पंप बसवलेल्या विहिरीतली) पातळी वर असते, पाणी कमी उंची चढवावं लागतं. म्हणून आजचा आकडा एप्रिलच्या आकड्याशी ताडू नका. एप्रिल एप्रिलशी, सप्टेंबर सप्टेंबरशी. लॉगबुकातून गेल्या चार-पाच वर्षांतल्या त्याच महिन्यांच्या नोंदी काढा आणि प्रत्येक नोंदीपुढं तारीख, व्होल्टेज, अँपिअर, चेंबर भरायला लागलेली मिनिटं असे चारच रकाने करा. पावसामुळं पंप बंद असले तरी चाचणीपुरते दोन तास चालवता येतात. शाखांचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून चेंबर भरण्याची वेळ घड्याळावर घ्यायची, तीनदा. व्होल्टेज तेवढंच असताना अँपिअर पूर्वीएवढेच किंवा किंचित जास्त, आणि चेंबर मात्र उशिरा भरतोय, तर पाणी वाटेत कुठंतरी जातंय. अँपिअरही कमी झाले असतील तर पंपाचा इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं चक्र) झिजल्याचा संशय घ्यायचा. म्हणजे तुमचा अंदाज चुकीचाही ठरू शकतो, आणि ते सभेआधी कळलेलं केव्हाही बरं.

आणखी एक हिशेब जवळ ठेवा. तीच पाइपलाइन ठेवून तिच्यातून सव्वापट पाणी ढकलायचं म्हटलं, तर पाइपातलं घर्षण सव्वापट वाढत नाही. ते साधारण वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे 1.56 पट. दाब वाढला की गळक्या सांध्यातून गळतीही वाढते. थोडक्यात, पाइप गळका असेल तर मोठी मोटर ओढ्याला जास्त पाणी देईल, टेलला नाही. आणि 62 लाख, 11 टक्के, सात वर्षं याचा वार्षिक हप्ता 13 लाखांच्या आसपास येतो. 640 एकरांवर वाटला तर एकरी दोन हजार रुपये, सात वर्षं, पाणीपट्टीच्या वर. हा आकडा मीटिंगमध्ये कुणी काढला होता का? बहुधा नाही. "62 लाख" ऐकून सगळे मान डोलावतात, "एकरी दोन हजार" ऐकून माणूस सरळ होऊन बसतो.

आता माणूस.

दुसऱ्या संचालिकाबाईंपासून सुरुवात करा. त्यांना "तुम्ही माझ्या बाजूनं आहात का?" असं अजिबात विचारू नका. त्या प्रश्नानं समोरचा लगेच बाजू मोजू लागतो: इकडं कोण, तिकडं कोण. त्यांनी काय पाहिलंय ते विचारा. "वहिनी, तुमच्या घरातलं कुणी ओढ्याकडनं जातं का? तिथं उन्हाळ्यात गवत हिरवं असतं का?" एवढंच. गटात एक विचित्र गोष्ट घडते. जी माहिती सगळ्यांना आधीच ठाऊक असते तिच्यावरच सगळा वेळ बोललं जातं, आणि जी एकाच्याच पदरी असते ती तशीच पदरी बांधून माणूस घरी जातो. 1985 साली स्टॅसर आणि टायटस या दोघांनी प्रयोगात हे नीट दाखवलं. तुमच्या मीटिंगमध्ये "टेलला पाणी नाही" हे तेरा जणांना ठाऊक होतं, म्हणून पंचवीस मिनिटं तेच बोललं गेलं. तीन ओले सांधे एकट्या तुम्हाला ठाऊक होते. कदाचित वहिनींनाही असतील, आणि त्याही "मी एकटीच" समजून गप्प बसल्या असतील.

पाटकऱ्याला आणि पंप ऑपरेटरला तर यातलं सगळं माहीत असणार. तरी त्यांना साक्षीला उभं करू नका. ते संस्थेच्या पगारावर आहेत. त्यांचं नाव न घेता त्यांच्याच हातचं लॉगबुक बोलू द्या.

टेलचे शेतकरी मात्र विसरू नका. इथं बहुतेक जण चुकतात. तुम्हाला वाटतंय विरोध आबांकडून होईल. आमच्या मते सभेत पहिला आवाज टेलकडून येईल: "आमचं पाणी अडवायला निघाल्या!" ती माणसं चार-चार दिवस पाळीची वाट बघून वैतागलेली असतात, आणि मोटर हा त्यांना दिसलेला पहिला उपाय आहे. त्यांच्यापैकी दोन वडीलधाऱ्यांना सभेआधी भेटा, चार रकान्यांचा कागद दाखवा आणि सांगा, "पाणी तुमच्यापर्यंत यावं म्हणूनच विचारतेय. मोटर आणूनही आलं नाही, तर हप्ता तुम्हालाही भरावा लागेल."

जो कुणी सोबत यायला तयार होईल त्याच्याकडून वचन मागताना छोटं मागा. "तुम्ही पण विरोध करा" नको. "मी चाचणीचा विषय काढला, की तुम्ही 'चाचणी करायला हरकत नाही' एवढं एक वाक्य बोला", हे पुष्कळ. आणि असे दोघे ठेवा. ॲशच्या प्रयोगात सोबती मध्येच उठून गटाला मिळाला, तेव्हा एकटा राहिलेला माणूस पुन्हा जवळजवळ पहिल्याएवढाच वाकला. गावात सोबती ऐनवेळी गळतो याची कारणं शंभर असतात. कुणाच्या मुलाची सोयरीक चाललेली असते, कुणाचा ऊस आबांच्या शब्दावर तुटतो. त्याचा राग धरू नका, पण दुसरा माणूस असू द्या.

आबांना सभेत पहिल्यांदा कळू नये. हे आम्ही फार कळकळीनं सांगतोय. चारशे लोकांसमोर सुनेनं प्रश्न विचारला, की प्रश्न मोटरीचा राहत नाही, मानाचा होतो. मग तुमचं म्हणणं पटलं तरी त्यांना ते मान्य करता येत नाही. दारच बंद होतं. म्हणून सभेच्या निदान आठवडाभर आधी त्यांच्या घरी जा. संध्याकाळी, सोप्यात चार माणसं बसलेली नसतील अशा वेळी. मिस्टरांना सोबत यायचं नसेल तर ओढून नेऊ नका, फक्त "मी सांगायच्या आधी तुम्ही आबांना काही सांगू नका" एवढं त्यांच्याकडून घ्या.

बोलायची सुरुवात स्वतःच्या हातापासून करा: "आबा, त्या दिवशी मीही हात वर केला होता. तेव्हा एक गोष्ट बोलायची राहिली, ती माझी चूक. लॉगबुकात मला हे दिसलं. तुम्ही पाहता का?" कागद पुढं ठेवा आणि मग गप्प बसा. ते वाचेपर्यंत मधे बोलू नका. ही पाइपलाइन कदाचित त्यांनीच उभी केली असेल. तसं असेल तर "पाइपलाइन खराब आहे" हे वाक्य त्यांच्या कानाला "तुमचं काम खराब होतं" असं लागेल. "इतकी वर्षं टिकली, आता सांधे थकलेत" हे खरंही आहे आणि ऐकवतंही.

मागणं काय मागायचं हे आधी ठरवून जा. "मोटरीचा निर्णय रद्द करा" हे मागणं मोठं आहे, त्यात कुणाला तरी हरावं लागतं. "ऑर्डर देण्याआधी पंधरा दिवसांत गळतीची चाचणी करू, तो अहवाल संचालकांपुढं ठेवू, मग ऑर्डर देऊ" हे मागणं लहान आहे. ठरावात दोन ओळी वाढतात, बस्स. आबांनी ते स्वतःहून सभेत मांडलं तर सगळ्यात उत्तम. श्रेय त्यांना जाऊ द्या.

सभेच्या तयारीसाठी संचालकांची एक बैठक होईलच. तिथं एक साधी रीत सुचवून पाहा. चर्चेआधी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यायची आणि एकच प्रश्न: "समजा पुढच्या मे महिन्यात नव्या मोटरी बसल्यात, हप्ता सुरू झालाय, आणि तरीही टेलला पाणी नाही. कारण काय असेल?" गॅरी क्लाइन या निर्णयशास्त्राच्या अभ्यासकानं ही पद्धत मांडली आहे. तिची खुबी अशी, की शंका काढणं हा विरोध राहत नाही, ते सगळ्यांना दिलेलं कामच होतं. मात्र गावात अक्षर ओळखू येतं. तेरा जणांत तर नक्कीच. म्हणून लिहून घेण्याऐवजी छापील चिठ्ठीवर चार-पाच कारणं आधीच द्या: मोटर कमी पडते, पाइप गळतो, शाखांवर चोरून पाणी घेतलं जातं, विजेचा दाब कमी, इतर. आणि सगळ्यांना एकाच रंगाच्या पेनानं टिक करायला सांगा. दारूबंदीसाठी गावोगावी महिलांचं मतदान होतं, त्यात उभी बाटली आणि आडवी बाटली अशा चिन्हांवर गुप्त मत पडतं. भर सभेत सासऱ्या-दिरांसमोर जो हात वर जायला घाबरतो, तोच हात आडोशाला आडव्या बाटलीवर शिक्का मारतो. माणूस तोच, फक्त विचारण्याची रीत बदललेली.

चिठ्ठ्या जमल्या नाहीत तर निदान क्रम उलटा करून मागा: सगळ्यात नवीन संचालक आधी बोलेल, अध्यक्ष शेवटी. प्राचीन ज्यू न्यायसभेत देहदंडाच्या खटल्यांत हाच नियम होता. धाकट्यानं आधी मत द्यायचं, म्हणजे थोरांचं ऐकून ते बदलायला नको.

एकाला "तू मुद्दाम विरोधी बोल" म्हणून उभं करण्याची सूचना कुणी केली तर त्यावर फार विसंबू नका. ठरवून केलेला विरोध सगळ्यांना नाटकच वाटतो. ज्याला खरोखर शंका आहे त्याच्या शंकेनंच लोक विचारात पडतात.

आता वार्षिक सभा. नोटीस हातात आली की आधी विषयपत्रिका वाचा, आणि "मोटर" हा शब्दच शोधत बसू नका. पुष्कळदा तो नसतोच. "पुढील वर्षासाठी बाहेरून कर्ज उभारणीची मर्यादा ठरविणे" अशी एक निरुपद्रवी दिसणारी ओळ असते, आणि ते 62 लाख त्या ओळीत बसलेले असतात. विषय वाचला जाईल, "मंजूर?" म्हणून विचारलं जाईल, पुढच्या दोन रांगांतून "मंजूर, मंजूर!" असा गलका होईल आणि दहा सेकंदांत पुढचा विषय. तुम्ही विषय कळून उठेपर्यंत तो गेलेला असतो. म्हणून विषयाचा क्रमांक तळहातावर लिहिल्यासारखा पाठ ठेवा आणि आधीचा विषय संपत असतानाच उभ्या राहा. तिसऱ्या आवाजाची गोष्ट आठवते ना? बोलायचं ते त्या आधी.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात दोन सूचना असतात, त्याही वाचा. प्रश्न लेखी स्वरूपात अमुक तारखेपर्यंत कार्यालयात द्यावेत, ही एक. ती तारीख चुकवू नका. प्रश्नाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर सचिवांची तारखेसह पोच घ्या. दुसरी सूचना म्हणजे गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. लोक तहकूब ऐकून चहाला जातात, आणि महत्त्वाचे विषय त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर मंजूर होतात. तुमच्या टेलच्या दोघा वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

संचालक म्हणून तुमची जागा व्यासपीठावर असेल. तिथून बोलणं अवघड वाटतं, पण माइक जवळ असतो. बोलणं दीड मिनिटाच्या आत ठेवा. आकडे तीनच: 18 आणि 26 मिनिटं, तीन सांधे, एकरी दोन हजार. मागणं एकच. संस्थेचे आणखी चार प्रश्न तुमच्या मनात असतील, वीजबिलाचे, पाळीपत्रकाचे. आज ते काढायचे नाहीत. मुद्दे वाढले की लोकांना वाटतं, हिचा राग आबांवर आहे.

आणि एकदा बोलल्यावर शब्द बदलू नका. 1969 मध्ये सर्ज मोस्कोविसी यानं सहा-सहा जणांच्या गटात दोघं पढवलेले बसवले आणि निळ्या रंगाच्या पट्टीला त्यांना "हिरवी" म्हणायला लावलं. दोघं प्रत्येक वेळी ठामपणे तेच म्हणाले तेव्हा बाकीच्यांची 8.42 टक्के उत्तरं "हिरवी" आली. तेच दोघं कधी हिरवी, कधी निळी म्हणू लागले तेव्हा 1.25 टक्के. आकडा लहान आहे, हे मान्य. पण तिथं तर डोळ्यांना उघड खोटं दिसत होतं, आणि तुमच्या हातात खरी मोजमापं आहेत. शांतपणे, त्याच शब्दांत, तेच मागणं. कुणी "मग ऑगस्टमध्ये हात का वर केला?" असं विचारलं, तर "तेव्हा बोलले नाही ही माझी चूक. म्हणून आज बोलतेय." एवढंच.

प्रोसिडिंग बुकाबद्दल थोडं सविस्तर, कारण बायकांकडून तिथंच सह्या सर्रास घेतल्या जातात. "सर्वानुमते" आणि "बहुमताने" यात एका शब्दाचा फरक आहे, पण तुमच्यासाठी तोच सगळं काही आहे. तुम्ही विरोध केला किंवा चाचणीची अट मागितली, आणि वहीत "सर्वानुमते मंजूर" लिहिलं गेलं, तर उद्या तुमचं बोलणं झालंच नव्हतं. सही करण्याआधी ठराव पूर्ण वाचा. सूचक-अनुमोदकांची नावं भरली आहेत का, ठरावाखाली कोरी जागा सोडली आहे का, ते बघा. वही नंतर लिहून सहीला घरी पाठवली तरी वाचल्याशिवाय पेन उचलू नका. तुमचं मत एका वाक्यात नोंदवून मागा: "श्रीमती अमुक यांनी खरेदीपूर्वी पाइपलाइन गळती चाचणी करावी असे मत नोंदविले." सचिव टाळाटाळ करत असतील तर तेच वाक्य अर्जावर लिहून त्याच दिवशी आवकला (कार्यालयात आलेल्या पत्रांच्या नोंदीत) लावा.

हे केवळ समाधानासाठी सांगत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 73 प्रमाणे समितीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे येते, आणि कलम 88 खाली संस्थेच्या नुकसानीची वसुली दोषींकडून होऊ शकते. प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय फसला म्हणून लगेच कुणावर वसुली निघत नाही. पण चौकशीची वेळ आली, तर कोण काय म्हणालं हे सांगायला त्या वहीशिवाय दुसरं काही नसतं. मिस्टर "गप्प बस" म्हणतात ते काळजीपोटी, हे आम्हाला कळतं. त्यांना हे कलम दाखवा. गप्प बसणं ही सुरक्षित जागा नाही, हे त्यांनाही ठाऊक असायला हवं.

पाइपाच्या सांध्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. 27 जानेवारी 1986 च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या उड्डाणाआधी दूरध्वनीवर बैठक झाली. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते की रॉकेटच्या सांध्यांतली रबरी रिंग थंडीत नीट बसत नाही, 53 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको. पलीकडून, म्हणजे यान सोडणाऱ्या नासा या संस्थेकडून, नाराजी दिसली. कंपनीच्या लोकांनी थोडा वेळ मागून आपसात चर्चा केली. तिथं एका वरिष्ठानं अभियंत्यांच्या प्रमुखाला सांगितलं, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. मग मत घेतलं ते फक्त चार व्यवस्थापकांचं. अभियंत्यांना विचारलंच नाही. कंपनीनं होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान फुटलं, सातही जण गेले. त्या खोलीत माहितीची कमतरता नव्हती, ती बोलूनही झाली होती. शेवटची मोजणी करताना मात्र ज्यांना सांधा माहीत होता त्यांचे हात मोजले गेले नाहीत.

तुमच्याकडं कुणाच्या जिवावर बेतलेलं नाही, पण सांधा तुम्हाला माहीत आहे.

वाईटपणा येणारच नाही असं आम्ही सांगणार नाही. हळदी-कुंकवाला बोलावणं येणार नाही, कुणी बोलणं टाकेल, पाण्याची पाळी एखादा दिवस पुढं सरकेल. पाळीची तारीख, पाणी आलं ती वेळ आणि बंद झालं ती वेळ आजपासूनच वहीत लिहायला लागा, म्हणजे पुढं भांडण झालं तर नोंद असेल. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाचं एक अक्षरही टाकू नका. तिथं पन्नास अंगठे पडतात आणि मागं फिरायला कुणालाच जागा उरत नाही.

सभेत हरलात तर ठराव मान्य करा आणि एकच गोष्ट मागा: नव्या मोटरी बसल्यावर पहिल्या महिन्यात चेंबर भरण्याची वेळ मोजून ती नोटीस बोर्डावर लावायची. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि चाचणी होऊन पाइप धड निघाला, दोष इंपेलरचा निघाला, तर पुढच्या मीटिंगमध्ये तुम्हीच आधी सांगा: "माझा अंदाज चुकला, चाचणीत हे निघालं." इंपेलर बदलण्याचा खर्च नव्या मोटरींच्या मानानं किरकोळ असतो. तेव्हाही चाचणी वाया गेली असं होणार नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही काही विचाराल तेव्हा लोक ऐकतील.

आबांकडे जाताना लॉगबुकाची झेरॉक्स न्या. मूळ वही पंपहाऊसातच राहू द्या. आणि निघण्याआधी ओढ्याजवळच्या तिन्ही सांध्यांचे फोटो काढा, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून, तारीख दिसेल असे.